पेट्रोल आत, हवा बाहेर

पंपावरच्या पोराने नोझल गाडीत घातलं, खटका दाबला, आणि अर्धा लिटरही आत गेलं नाही तोच खट् करून बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्. मागे टेम्पोवाला हॉर्न देतोय, पोरगा वैतागून म्हणतो, ‘तुमच्या गाडीतच काहीतरी आहे.’ अशा वेळी गाडीवाला पंपाला दोष देतो, आणि बहुतेक वेळा पोराचंच म्हणणं खरं निघतं.

पानशेतला आमच्या शेजारी राहतात त्यांना सगळं गाव मामा म्हणतं. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत फिटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांची सख्खी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्याकडे जुनी पेट्रोल गाडी आहे, पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली. त्या गाडीचा पेट्रोल भरायचा पाइप गंजून फुटला आणि भरताना गळायला लागला. भाचीने तो घरच्या घरी स्वतः बदलला. गळती थांबली, पण त्या दिवसापासून गाडी पेट्रोल घेईना. ती गाडी मामांच्या अंगणात आली तेव्हा मी तिथे होतो. दोघांचं जे बोलणं झालं ते इथे देतो आहे, कारण दोघंही आपापल्या जागी भक्कम उभे होते, आणि वाद फक्त एका पाइपाचा नव्हता.

आमच्या भागात हा पाइप लवकर का जातो ते आधी सांगतो. बऱ्याच गाड्यांत टाकीच्या झाकणापासून खाली टाकीपर्यंत जाणारा पाइप मागच्या चाकाच्या कमानीतून उतरतो. जून ते सप्टेंबर इथे पाऊस उसंत घेत नाही. वेल्हे तालुका, ज्याचं नाव आता राजगड झालं आहे, सगळाच घाटमाथ्याला टेकलेला. चाकाने उडवलेला लाल चिखल त्या कमानीत जाऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत ओलाच राहतो. बाहेरून गाडी चकचकीत दिसते, आणि आत चिखलाच्या थराखाली पत्रा पापुद्रे धरतो.

भाची : मामा, आधी एक मान्य करा. पाइप मी बदलला आणि एक थेंब गळत नाही.

मामा : गळत नाही, मान्य. पण गळत नाही म्हणजे काम झालं असं कोणी सांगितलं? टाकीत पेट्रोल जात नाही, मग तो पाइप कशासाठी लावलास?

भाची : मला आधी पंपाचाच संशय आला. म्हणून दुसऱ्या पंपावर गेले. तिथेही तेच.

मामा : त्यासाठी दुसरा पंप कशाला? तुझ्या पुढची गाडी त्याच नोझलने नीट भरली का, एवढंच बघायचं. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागायचं, ते पंपावर ठेवावंच लागतं. भेसळ वाटली तर फिल्टर पेपर मागायचा. तो आपला हक्क आहे. पण नोझल मध्येच बंद पडतंय म्हणजे ते बिघडलंय असं नाही. ते त्याचं काम करतंय.

भाची : ते मी वाचलं आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहताना आतल्या अरुंद जागेत ओढ तयार होते आणि त्या भोकातून हवा खेचली जाते. पेट्रोल वर चढून भोक बुडलं की हवा मिळत नाही, ओढ वाढते, आतला पडदा खेचला जातो आणि झडप मिटते. ना वीज, ना सेन्सर.

मामा : बरोबर. मग तूच सांग, टाकी रिकामी असताना ते भोक का बुडतंय?

भाची : पेट्रोल खाली उतरत नाही म्हणून. पाइपातच साठतंय.

मामा : आणि का उतरत नाही?

इथे भाची थांबली. गप्पांची खरी सुरुवात इथून झाली असं मला वाटतं. नोझल कसं चालतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. टाकीकडे मात्र तिने एक डबा म्हणूनच पाहिलं होतं, आणि डब्यात वरून ओतलं की ते आत जाणारच. टाकी बंद असते, आणि ती कधीच रिकामी नसते. पेट्रोल नसतं तिथे हवा आणि वाफ भरलेली असते. पंप मिनिटाला तीसचाळीस लिटर आत ढकलतो. एक लिटर पेट्रोल आत जायचं तर एक लिटर वाफेने बाहेर पडायला हवं, तेही त्याच क्षणी. त्यासाठी जाड पाइपाला समांतर एक बारीक पाइप असतो, ब्रीदर. टाकीतली वाफ त्यातून वर तोंडाशी येते. तो तुंबला की टाकीतला दाब पेट्रोलला खाली येऊ देत नाही.

मामा : बारीक पाइप कुठला लावलास?

भाची : जुना तडकला होता. हार्डवेअरच्या दुकानातून पारदर्शक नळी आणली. गवंडी पाणलेव्हलला वापरतात ती. म्हटलं, आत काय चाललंय ते दिसेल.

मामा : आणि लांबी?

भाची : जुन्यापेक्षा थोडी जास्त. आखूड पडायला नको म्हणून.

मामा : इथेच फसलीस बघ. वरच्या वाडीत झऱ्याचं पाणी पाइपाने घरापर्यंत आणतात. पाइप मध्ये कुठे उंचवट्यावर चढला की तिथे हवा धरते आणि पाणी थांबतं. तुझ्या पाइपात त्याच्या उलटं झालंय. नळी लांब, म्हणून मध्ये झोळ पडला. त्या झोळात पेट्रोल साचून राहिलं आणि हवेचा रस्ता बंद झाला. वरच्या क्लिपपाशी नळी मुरडलीय ती वेगळीच. ब्रीदर टाकीपासून तोंडापर्यंत चढताच हवा, कुठेही खाली यायचा नाही.

भाची : म्हणजे पाइप चुकीच्या जागी लावलाच नव्हता. फक्त लांबी चुकली.

मामा : लांबी चुकली, आणि जातही चुकली. ती नळी पाण्यासाठी असते. पेट्रोलने तिच्यातला मऊपणा निघून जातो, ती कडक होते, आखडते आणि तडे जातात. आज गळत नाही, उन्हाळ्यात गळेल. पेट्रोलचा पाइप वेगळा येतो, त्यावर तसं छापलेलं असतं, एसएई जे 30 वगैरे. आणि आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल आहे, ते जुन्या रबराला आणखी खातं.

ह्या इथेनॉलबद्दल एक सांगून पुढे जातो. 2025 साली देशात 20 टक्के मिश्रण झालं तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानेही म्हटलं होतं की काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावी लागू शकतात. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही धरणांची साखळी पुण्याची तहान भागवते, आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या उसालाही पाणी देते. त्या उसातून साखर कारखाने इथेनॉल काढतात. आमच्या धरणाचं पाणी असं वळसा घालून आमच्याच गाड्यांच्या टाकीत परत येतं. जुनी गाडी वापरणाऱ्याने टाकीजवळचे सगळे रबरी पाइप एकदा हाताने दाबून बघावेत. बोटाला चिकट लागलं किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर तो पाइप गेला म्हणून समजा.

मामा : आता खरं सांग. हे काम गॅरेजला का दिलं नाहीस?

भाची : दिलं होतं. गॅरेजवाला म्हणाला, टाकीसकट बदलू. मी विचारलं, पाइप वरचा फुटलाय, टाकी कशाला? तर म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला नाही कळणार.’ मामा, पैशांचं मला काही वाटलं नसतं. पण माझी गाडी, माझे पैसे, आणि मला कळणार नाही? त्याच दिवशी नाना पेठेत जाऊन जुन्या गाडीतला चांगला पाइप शोधून आणला.

मामा : तो चुकला. गिऱ्हाइकाने विचारलं तर दाखवायला हवं. पण त्याच्यावरच्या रागाच्या भरात तू पेट्रोलचं काम हातात घेतलंस. मी आयुष्यभर डिझेलच्या टाक्या उतरवल्या. डिझेल माणसाला चूक सुधारायला वेळ देतं. पेट्रोल देत नाही. उणे 40 अंशांनाही त्याची पेट घेणारी वाफ निघते. ती हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरते, दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, घरी ब्रेकचे लायनर बदल, बॅटरी बदल, तेल बदल. पेट्रोलच्या वाटेला जाऊ नकोस.

भाची : असं ‘हे नको, ते नको’ म्हणत गेलं तर उद्या माणसाला स्वतःच्या गाडीचं झाकण उघडायचीही भीती वाटेल. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात गाड्याही आहेत. कंपन्यांनी सुटे भाग द्यावेत, माहितीपुस्तकं द्यावीत, हाच त्यामागचा हेतू. माहिती मिळत नाही म्हणून आपण चुकतो, आणि चुकतो म्हणून माहिती देत नाहीत. ह्या चक्रातून बाहेर कसं पडायचं?

तिचं हे म्हणणं मला मनापासून पटतं. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकात सीट कशी सरकवायची याचं चित्र असतं. पाइप कसे जातात याचं चित्र शोधून सापडत नाही. मामांनीही यावर वाद घातला नाही. ते गाडीखाली सरकले, चाकाच्या कमानीत हात घातला, आणि त्यांनी एक प्रश्न विचारला.

मामा : जुन्या पाइपाला एक छोटी वायर होती का? पाइपापासून बॉडीपर्यंत, दोन्हीकडे स्क्रूने लावलेली?

भाची : होती. गंजून तुटलीच होती. कशाची ते कळेना, वाटलं कुठल्या जुन्या लाइटची असेल. लावली नाही.

त्या दुपारी मामांचा आवाज तेव्हाच काय तो चढला.

मामा : अगं, नोझल बंद पडणं हे काहीच नाही! ती अर्थिंग आहे. पेट्रोल पाइपातून जोरात वाहतं तेव्हा स्थिर वीज तयार होते. वरचा पाइप लोखंडी, खाली टाकीला रबराने जोडलेला, वर झाकणापाशी रबरी वायसर. म्हणजे तो लोखंडी तुकडा गाडीच्या बॉडीपासून तुटलेला. त्याच्यावर वीज साठली तर जाणार कुठे? नोझल बाहेर काढताना ठिणगी पडेल ती नेमकी तोंडाशी, जिथे वाफ आणि हवा दोन्ही आहेत. गळती दिसते, वास येतो, नोझल बंद पडतं, हे सगळं माणसाला सावध करतं. ही वायर नसली तर कोणीच सावध करत नाही.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने जे विचारलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं.

भाची : मामा, गॅरेजमध्ये दिली असती तर ही वायर त्यांनी लावलीच असती, असं तुम्ही सांगू शकता का?

मामा : नाही सांगता येणार.

भाची : मग फरक कुठे राहिला?

मामा : ह्या गावात राहणाऱ्या माणसाने अर्धवट कामावर भरवसा ठेवू नये, एवढंच मला कळतं. धरणाचं काम पुरं व्हायच्या आत त्यात पावसाचं पाणी साठलं. 12 जुलै 1961 ला काय झालं ते तुला ठाऊक आहे.

भाची : ठाऊक आहे. पण ते धरण कोणी घरच्या घरी बांधलं नव्हतं, मामा. जाणकारांनीच बांधलं होतं.

अंगणात कोणी काही बोललं नाही. पानशेतला ह्या तारखेवर हलकं बोलत नाहीत. खचणाऱ्या बांधावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण अंधारात न फुटता सकाळी फुटलं. खालचं खडकवासलाही टिकलं नाही, आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. दिवस उजाडल्यामुळे किती जीव वाचले, हे पुण्यातली जुनी माणसं अजून सांगतात.

मामा : बरोबर बोललीस. जाणकार असला म्हणून भागत नाही. आमच्या कार्यशाळेत मला वीस वर्षांचा अनुभव असला तरी मी बसवलेलं काम दुसरा माणूस तपासायचा. त्याला माझ्याइतकं येत नसलं तरी चालायचं. त्याच्या हातात यादी असायची आणि डोळे ताजे असायचे. स्वतःचं काम स्वतः तपासलं की जे आपण लावलं तेच दिसतं. जे लावायचं राहिलं ते दिसत नाही.

भाची : मग हे आधी का नाही बोललात? ‘पेट्रोलच्या वाटेला जाऊ नको’ यापेक्षा हे कितीतरी बरं. करू, पण तपासून घेऊ.

मामा : तपासणारा सगळ्यांना कुठे मिळतो?

भाची : हेच तर. सगळ्यांचे मामा दापोडीला नव्हते.

त्यानंतर दोघांनी मिळून काम केलं. वाद संपला होता असं नाही, पण हात चालू झाल्यावर बोलणं कमी झालं. गाडी पडवीत न घेता उघड्यावर ठेवली. टाकीत तळाशी थोडंच पेट्रोल होतं, ते बरंच झालं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मोबाइल घरात ठेवले, कोरड्या वाळूची बादली हाताशी घेतली. मागचं चाक काढून गाडी स्टँडवर टेकवली, कारण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मामा जात नाहीत. पेट्रोलचा खास पाइप मामांच्या पेटीत होता. जुन्या जागी धरून, एकसारखा चढता राहील एवढाच कापला. ब्रीदरची लोखंडी नळी चिखलाने तुंबलीय का ते बघायला तोंडाने फुंकायचं नाही. सायकलचा पंप लावला, हवा पलीकडून मोकळी आली. क्लिप बसवताना मामांनी भाचीच्या हातातला पाना थांबवला. क्लिप जास्त आवळली की रबर कापलं जातं आणि गळती तिथूनच सुरू होते.

वायर भाचीने बसवली. विणीची तांब्याची पट्टी, दोन्ही टोकांना गंज आणि रंग खरवडून लखलखीत धातू काढलेला. मग तिने आपला मल्टिमीटर आणला, एक टोक पाइपाच्या तोंडाला, दुसरं बॉडीच्या बोल्टला. मीटरने बारीक आवाज दिला. मामांच्या पेटीत मल्टिमीटर नव्हता. ते म्हणाले, ‘आम्ही वायर डोळ्याने बघायचो. ही बघून वर मोजते. माझ्यापेक्षा बरं.’ हे त्यांनी अगदी सरळ मनाने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पंपावर आधी पाच लिटर हळू भरलं आणि खाली वाकून सगळे जोड पाहिले. मग पूर्ण वेगाने. नोझल एकदाच बंद पडलं, टाकी भरल्यावर. पोरगा सवयीने आणखी दोन दाब मारायला निघाला, त्याला भाचीने थांबवलं. टाकीत वरती वाफेसाठी थोडी जागा ठेवलेली असते. नोझल थांबल्यावरही भरत राहिलं तर वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरतं आणि तो डबा निकामी होतो. मग टाकी भरलेली असतानाच पाबे घाटाची चढण चढून आले. वरचा जोड कच्चा असेल तर भरल्या टाकीला चढणीवर आणि वळणावर तो गळतो, सपाट रस्त्यावर कळत नाही.

माझं मत विचाराल तर स्वतः काम करण्याच्या हक्काबाबत मी भाचीच्या बाजूचा आहे, आणि तपासणीच्या नियमाबाबत मामांच्या. ‘तुम्हाला नाही कळणार’ म्हणणारा गॅरेजवाला आणि ‘गळत नाही म्हणजे झालं’ म्हणणारा हौशी माणूस, दोघंही गाडी तेवढीच धोक्यात घालतात. गाडी बनवणाऱ्यांनी पाइपांचा साधा नकाशा आणि कुठला पाइप कुठल्या प्रतीचा याची एक पानभर यादी मराठीत दिली, तर त्यांचा एक रुपयाही बुडणार नाही. आपल्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या मुलांनी रविवारी गावात अशी घरगुती कामं नुसती तपासून दिली, तर त्यांनाही काम मिळेल आणि आपल्यालाही तपासणारा.

तोपर्यंत एवढं तरी करा. गेल्या काही वर्षांत तुमच्या गाडीचा पेट्रोल भरायचा पाइप तुम्ही किंवा आणखी कोणी बदलला असेल आणि तो लोखंडी असेल, तर पुढच्या वेळी पंपावर जाण्याआधी दिवसाच्या उजेडात झाकणाच्या बाजूचं मागचं चाक काढायला लावा आणि पाइपापासून बॉडीला जाणारी ती वायर जागेवर आहे का बघा. नसेल तर ती बसेपर्यंत टाकी भरू नका.